आमची वाटचाल : वारा सुटला की एकच बटण

मालवणात भरडावर आमचं छोटं ऑफिस आहे. सुरुवात तारकर्ली-देवबागच्या न्याहारी निवासांच्या वेबसाइटपासून झाली. मग मालकच म्हणू लागले, खोल्यांच्या आणि होडीच्या फेऱ्यांच्या बुकिंगची वहीपण कॉम्प्युटरवर घाला. शेड्युलर, म्हणजे बुकिंगचं वेळापत्रक सांभाळणारा प्रोग्राम, स्वतः लिहीत बसण्यात अर्थ नव्हता, म्हणून फुलकॅलेंडर हे वेबपानावर बसवायचं तयार कॅलेंडर घेतलं. त्याचा गाभा फुकट आहे. पण डावीकडे खोल्या आणि होड्या, वर तारखा अशी टाइमलाइन हवी तर पैसे मोजावे लागतात. मोजले.

तयार कॅलेंडरात बुकिंग माउसने ओढून हलवता येतं. मीटिंगांना तेवढं पुरतं. इथे भर दुपारी फोन येतो, ‘वारो लय आसा, बोट सुटाची नाय,’ आणि समोर पर्यटक उभे असताना काउंटरवरच्या मुलाला सगळे ग्रुप उद्यावर न्यायचे असतात. एकेक ओढत कोण बसणार? म्हणून ‘उरलेल्या फेऱ्या उद्यावर’ ही आमची पहिली कमांड. वरच्या पट्टीत आपलं बटण टाकायला ‘कस्टमबटन्स’ची सोय आहेच. बटण दाबलं की उद्याच्या होडीत जागा आहे का ते आधी सर्व्हरला विचारतो, मग फुलकॅलेंडरच्या ‘मूव्हडेट्स’ या तारीख सरकवणाऱ्या फंक्शनने बुकिंग एक दिवस पुढे जातं. जागा नसेल तर ते लाल होऊन जागीच राहतं. त्या पर्यटकाशी माणसानेच बोलायचं.

राइट-क्लिकचा मेनू मात्र तयार मिळत नाही. बुकिंग पडद्यावर आलं की फुलकॅलेंडर ‘इव्हेंटडिडमाउंट’ने कळवतं, तिथे प्रत्येक बुकिंगचा चौकोन हाती येतो, त्याला आपला मेनू जोडायचा. अँड्रॉइडवर चौकोन दाबून धरला की तोच मेनू उघडतो. आयफोनवर उघडत नाही, तिथे दाबून धरल्याची वेळ आम्हीच मोजतो.

मेनूत ‘पैसे आले’, ‘शाकाहारी जेवण’ (मालवणात येऊन नुसत्या सोलकढीवर भागवणारे असतात, असोत बापडे) आणि सगळ्यात खाली ‘रद्द’. मालक नवनव्या कमांड मागतच असतात. बहुतेकांना मी नाही म्हणतो. खाली सरकवावा लागणारा मेनू काउंटरवर कोणी वापरत नाही.

‘पावसाळी बंद’ या कमांडने फक्त होड्यांच्या ओळी भरतात, खोल्या मोकळ्या राहतात. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, पण प्रवासी होड्या मेअखेरीसच थांबतात आणि ऑगस्ट संपेपर्यंत बंद असतात. म्हणून तारखा मालकानेच घालायच्या.

यंदा देवगडच्या एका आंबेवाल्याने हेच शेड्युलर पेट्यांच्या गाड्यांसाठी मागितलं. होड्यांच्या जागी टेम्पो आले. ‘उद्यावर’ त्याने पहिल्याच दिवशी काढायला लावली. त्याऐवजी ‘दुसऱ्या गाडीत’ हवी आहे, ती लिहिणं चालू आहे.