टी-सेंट्रालेनला गाडी बदलताना

मुलगा-सून स्टॉकहोमला नोकरीला आहेत. मागच्या उन्हाळ्यात मी खुलताबादहून त्यांच्याकडे गेले. दोघंही दिवसभर कामावर. तिसऱ्या आठवड्यात ठरवलं, आज एकटीनं मेट्रोनं जायचं. किस्ताहून स्लुसेनला, मध्ये टी-सेंट्रालेनला गाडी बदलायची. लाल, हिरवी आणि निळी अशा तिन्ही मार्गांची गाठ पडते ती फक्त याच स्टेशनात.

"आई, निळ्या गाडीतून उतर, वर चढ. मग लाल घे नाहीतर हिरवी, दोन्ही स्लुसेनला जातात. फक्त दिशा बघून बस," हे मुलानं चार वेळा सांगितलं. तिकिटाची कटकट नव्हती. फाटकाला बँकेचं कार्ड टेकवलं की 75 मिनिटं हव्या तितक्या गाड्या बदला.

निळ्या फलाटावर उतरले आणि पाय तिथंच थबकले. डोक्यावर गुहाच होती. सुरुंगानं फोडलेल्या खडकाचे उंचवटे, खळगे तसेच राहू दिलेत आणि वरून सिमेंट फवारलंय. पांढऱ्यावर निळ्या वेली कमानीपर्यंत चढलेल्या. पेर ओलोफ उल्टवेट या चित्रकारानं 1975 साली हे केलं. इतक्या वर्दळीत माणसाच्या जिवाला शांत वाटावं म्हणून रंग निळा घेतला.

वेरूळ आमच्या शेजारीच. एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेलं कैलास लेणं लहानपणापासून बघत आले, त्यामुळे खडक नवा नव्हता. पण इथं कमानीवर निळ्या सावल्यांसारखी माणसं दिसली. सुतार, वेल्डर, खोदकाम करणारे. हे स्टेशन ज्यांनी बांधलं, तीच ही माणसं.

आमचे अण्णा विहिरींवर सुरुंग लावायचे. मुरूम संपून काळा पाषाण लागला की शेतकरी त्यांना बोलावणं धाडायचे. भोकात दारू ठासायची, वात पेटवायची आणि यारीच्या दोराला धरून वर यायचं. कानात कापसाचे बोळे घालूनही डावा कान गेलाच. पुढं विहीर बांधून झाली की कठड्यावर मालकाचं नाव आणि साल कोरायचे. अण्णांनी फोडलेल्या कितीतरी विहिरी मी पाहिल्यात, त्यांचं नाव एकीवरही नाही.

त्याच तंद्रीत सरकत्या जिन्यानं वर गेले आणि पाटी न वाचता समोरच्या लाल गाडीत शिरले. पुढचं स्टेशन ओस्टरमाल्मस्टॉर्ग, म्हणजे उलटी दिशा! छातीत धस्स झालं. मुलाला फोन लावला. "काही नाही आई, उतर आणि उलट्या गाडीत बस. बाहेर पडू नको, तेच तिकीट चालतं." तसंच केलं आणि स्लुसेनला पोचले.

परतीला पाट्या नीट वाचत निळ्या फलाटावर आले. किस्ताच्या तीन गाड्या सोडल्या, चौथीत बसले. तोवर कमानीवरच्या एकेका माणसाकडे डोळे भरून बघून घेतलं.