तुम्ही विचारलंत म्हणून : बसायचं की भांडायचं?

हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. इगतपुरीला धम्मगिरीच्या विपश्यना शिबिरात ओळख झालेली माणसं म्हणतात, "ताई, पहाटे ध्यानाला बसता आणि अकरा वाजता निवेदन घेऊन कचेरीच्या दारात उभ्या असता. अशानं मन शांत राहतं का? आधी माणूस बदलू द्या, जग आपोआप बदलेल." मोर्चातले सोबती उलट विचारतात, "हवामानाचं एवढं संकट डोक्यावर आहे आणि तुम्ही डोळे मिटून बसता. त्यानं काय होणार?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी सोबत्यांना. ध्यानाने हवामानाचं काहीही होत नाही. आपल्या नाशिकशेजारी एकलहऱ्याला कोळशावर वीज तयार होते. तो कोळसा आणखी किती वर्षं जाळायचा, शेतीपंपाला सौर वीज केव्हा द्यायची, शहरात बस वाढवायच्या की उड्डाणपूल, हे सगळं सरकारं ठरवतात. २०१५चा पॅरिस करारही सरकारांनीच केला. मी दिवे बंद करते, सिटीलिंकच्या बसने फिरते, ओला कचरा घरीच जिरवते. ते करावंच. पण त्याला हवामान बदलावरचा उपाय म्हणायला माझी जीभ धजावत नाही.

मग बसते कशाला? त्यासाठी बागेत यावं लागेल.

निफाड तालुक्यात माझ्या धाकट्या भावाची द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की वेलीला नवी काडी फुटते. पुढच्या हंगामाचा घड त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, तेव्हाच, मे-जूनच्या उन्हात तयार होत असतो. बाहेरून काही दिसत नाही. २०२५ साली मे महिन्यातच पावसाने ठाण मांडलं आणि मान्सूनही महिना संपायच्या आत महाराष्ट्रात आला. ज्या दिवसांत वेलीला कडक ऊन हवं, त्या दिवसांत आभाळ भरलेलं राहिलं.

ऑक्टोबर छाटणीआधी भाऊ काड्या प्रयोगशाळेत तपासायला घेऊन गेला, मी बरोबर होते. प्लॉटप्रमाणे काड्यांच्या जुड्या बांधलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. तिथली मुलगी ब्लेडने डोळ्याचा पातळ काप घ्यायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि कागदावर लिहायची. घड. बाळी. बाळी. काहीच नाही. बाळी म्हणजे नुसता ताणा, त्याला द्राक्ष लागत नाही. भाऊ कागदाकडे बघत राहिला. औषधांचं बिल, सोसायटीचं कर्ज, मजुरांची उचल, सगळं त्या कागदात होतं. अशा वेळी आपल्या तोंडून "होईल रे नीट" निघतं, कारण समोरच्याची भीती आपल्यालाच सोसवत नाही. मी काही बोलले नाही. त्याच्याजवळ बसले, बराच वेळ. मग तो आपणहून बोलायला लागला.

ध्यानाचा मला उपयोग आहे तो एवढा, आणि हा थोडा नाही. भीतीपासून पळ न काढता तिच्याशेजारी बसता येणं ही शेतकऱ्याच्या घरात जिवाची गोष्ट आहे.

पण त्या बसण्याने भावाचं नुकसान भरून निघालं नाही, आणि इथे मला साधकांशी बोलायचंय. द्राक्षाला हवामान आधारित फळपीक विमा आहे. अवकाळी पाऊस, थंडी, गारपीट या धोक्यांसाठी. पण त्याचं संरक्षण सुरू होतं ऑक्टोबरच्या मध्यापासून. डोळ्यातला घड मे-जूनमध्येच गेला, तर ते नुकसान विम्याच्या मुदतीत बसत नाही. ऋतू सरकले, मुदत जागेवरच आहे. शिवाय पाऊस तुमच्या बागेत मोजत नाहीत, महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर मोजतात. एका मंडळात कितीतरी गावं. अवकाळी तर पट्ट्यापट्ट्याने पडतो, ओढ्याच्या अलीकडे धो धो आणि पलीकडे धूळ. केंद्र पलीकडे असलं की कागदावर पाऊस पडलेलाच नसतो. ग्रामपंचायतीगणिक स्वयंचलित पर्जन्यमापक उभारायचं धोरण केंद्र सरकारने जाहीर केलंय. ते गावात येईपर्यंत मागे लागणं हे राजकारणच आहे, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. प्लास्टिक आच्छादनाला एकरी काही लाख लागतात. ते अनुदानाशिवाय लहान बागाईतदाराच्या आवाक्यात येणारच नाही. यातलं काय माझ्या मनःशांतीने होणार आहे?

"आधी माणूस बदलू द्या" हे नाशिकमध्ये म्हणताना तर फार जपून म्हणावं. २ मार्च १९३० रोजी काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं लढवला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. १९५६ साली त्यांनी बुद्धाचा मार्ग घेतला, पण त्याआधी देशाची घटना लिहून झाली होती. धम्मगिरीला आपण ज्या बुद्धाची साधना शिकतो, त्याच्याकडे जाताना त्यांनी कायदा खाली ठेवला नाही.

तपोवनाचंही थोडक्यात सांगते. २०२७च्या कुंभासाठी साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची जागा, करायला तिथली शेकडो झाडं काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शहरातली पुष्कळ माणसं हरकती घेऊन पुढे आली. १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा नागरिकाला तो हक्क देतो. पण लक्षात घ्या, मार्च २०२२मध्ये मुदत संपल्यापासून महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. वॉर्डातल्या माणसाने जाब विचारायचा कोणाला? स्थानिक निवडणुका वेळेवर होणं हाही माझ्या लेखी हवामानाचाच प्रश्न आहे. अशा सुनावण्या लांबतात, आवाज चढतात. तिथे टिकून राहून, कोणत्या जातीचं झाड, किती घेराचं, किती वयाचं, असं एकेक विचारायला डोकं थंड लागतं. पहाटेची बैठक तिथे कामी येते. म्हणून मी दोन्ही करते, आणि वेळ कमी पडला तर त्या दिवशी बैठक आटोपती घेते, सुनावणी सोडत नाही.

आता तुमच्याकडे एक काम. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे तुमची किंवा नात्यातल्या कोणाची बाग असेल, तर एक साधा पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या, हवामान खात्याची वेळही तीच आहे. वहीत तारीख, गट नंबर आणि मिलिमीटर लिहा. मंडळाच्या केंद्राचे आकडे आम्ही शेजारी मांडतोय. विम्याची मुदत आणि केंद्रांची संख्या या दोन्ही मागण्यांच्या पुढच्या निवेदनाला त्या वह्यांच्या प्रती जोडायच्या आहेत.