चारच ट्यूब, महिनाभर

सोमवार

मोजक्याच रंगांत चित्र काढायचा सराव. पॅलेटवर आज दोनच रंग : अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना. जलरंग, ३०० जीएसएमचा खरखरीत कागद, आठ नंबरचा गोल ब्रश, पाण्याची दोन भांडी. वेळ चाळीस मिनिटं. त्यातली पहिली दहा नुसते रंग कालवण्यात जातात, आणि ती जाऊ द्यावीत.

हेच दोन का, तर सिएना हा मुळात मंद झालेला नारिंगी आहे, म्हणजे रंगचक्रात निळ्याच्या जवळजवळ समोरचा. समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात, आणि मारता मारता मधे जो राखाडी जन्मतो त्याची सर काळ्या ट्यूबला पाणी घालून केलेल्या राखाडीला येत नाही.

दोन वेगळी डबकी करायची, दोन्ही दुधाइतकी दाट, आणि मधे जागा मोकळी ठेवायची. निळ्यातून एक ब्रश भरून मधे आणायचा आणि त्यात सिएना ब्रशच्या टोकाटोकानं घालत जायचं. आधी पावसाळी ढगाचा निळा येतो, मग पाटीचा, आणि मग एका वळणावर त्याला निळाही म्हणवत नाही आणि तपकिरीही. तिथे हात थांबला पाहिजे. आणखी एकच टोक सिएना पडलं की राखाडी उबेकडे, म्हणजे तपकिरी-लालसर बाजूला झुकतो, चुलीतल्या राखेसारखा. प्रत्येक टप्प्याला कागदावर दोन सेंटिमीटरचा चौकोन भरून ठेवायचा. ते मधलं वळण दर वेळी वेगळ्या प्रमाणाला येतं, त्यामुळे थेंब मोजून काही साधत नाही, डोळ्यांनीच ओळखावं लागतं.

ट्यूबवरचा रंगद्रव्याचा कोड बघून घेतलेला बरा. बर्न्ट सिएना या नावाखाली कुणी भाजलेली नैसर्गिक माती भरतं (पीबीआर ७), कुणी कृत्रिम लोह ऑक्साइड (पीआर १०१). नारिंगीकडे झुकलेला असेल तर राखाडी स्वच्छ येतो. लालसर असेल तर तोच राखाडी जांभळट होतो, आणि कितीही निळा घातला तरी जांभळटपणा जात नाही. दोष हाताचा नसून ट्यूबचा असतो.

मंगळवार

उजळापासून गडदापर्यंत पाच पायऱ्यांची पट्टी. कोरा कागद ही पहिली पायरी, आणि दोन्ही रंग मधासारखे घट्ट घेऊन जो जवळपास काळा येतो ती पाचवी. मधल्या तीन पायऱ्या बसवणं हे खरं काम. जलरंग वाळल्यावर फिका होतो, साधारण एक पायरी तरी उतरतो. म्हणून ओला असताना 'जरा जास्तच गडद झाला' असं वाटलं तरच वाळल्यावर तो जागेवर बसतो. पट्टी पूर्ण वाळल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवू नये.

मग त्याच पायऱ्यांत पांढरा कप, एका बाजूनं उजेड. डोळे बारीक करून बघितलं की छायेचे दहा तुकडे मिटतात आणि दोन-तीन मोठे आकार उरतात. रंगवायचे ते हेच. नेहमीची चूक छायेच्या आतल्या परावर्तित उजेडात होते. टेबलावरून उसळलेला तो उजेड काळोखाच्या शेजारी असल्यामुळे फार तेजस्वी भासतो आणि दुसऱ्या पायरीत रंगवला जातो. कप लगेच काचेचा दिसायला लागतो. छायेतला सगळ्यांत उजळ भागसुद्धा उजेडाच्या बाजूच्या सगळ्यांत गडद भागापेक्षा गडदच ठेवायचा. एवढं एक पाळलं तर कप गोल होतो.

अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वॉशला, म्हणजे पाण्यानं पातळ केलेल्या रंगाच्या थराला, दाणेदार पोत येतो. हवा असेल तर वॉश टाकल्यावर हात लावायचा नाही. अर्धवट वाळलेल्या वॉशवर जास्त ओला ब्रश टेकला की नवं पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि कोबीच्या पानासारखी कातरलेली कडा उठते. ती पुसायला जाऊ नये. पूर्ण वाळू द्यावं, मग वरून एक पातळ थर.

बुधवार

लिंबू, याच दोन रंगांत. पिवळा नाही म्हणून काही अडत नाही. लिंबाची उजेडाची बाजू कोऱ्या कागदावर पातळ सिएनाचा हलका हात, छाया तिसऱ्या पायरीची, त्याखालची पडछाया चौथीची आणि निळसर. पायऱ्या बरोबर पडल्या की बघणारा पिवळा आपणच धरून चालतो.

शुक्रवार

आजपासून गॉश (पाण्यात मिसळणारे, पण अपारदर्शक रंग) आणि चार ट्यूब : टिटॅनियम पांढरा, येलो ऑकर, कॅडमियम लाल (फिकट छटेचा), आयव्हरी ब्लॅक.

या चौकडीला स्वीडनचा चित्रकार आंदेर्स झोर्न याचं (१८६०–१९२०) नाव चिकटलं आहे. त्याच्या १८९६ च्या आत्मचित्रात हातातल्या पॅलेटवर हेच रंग दिसतात. त्याच्या काळी कॅडमियम लालच्या जागी हिंगूळ असायचा. म्हणून त्यानं जन्मभर दुसऱ्या रंगाला हात लावला नाही असं मात्र नाही. पाण्याच्या त्याच्या चित्रांत उघड निळा आहे. कल्पना त्याच्याहून कितीतरी जुनी. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलंय की अपेलीस आणि त्याच्या तोडीच्या ग्रीक चित्रकारांनी पांढरा, पिवळा, लाल आणि काळा एवढ्यांवरच अजरामर चित्रं केली.

तक्ता करायचा. ऑकर-लाल, ऑकर-काळा, लाल-काळा अशा तीन जोड्या. प्रत्येक जोडीचे आडवे पाच चौकोन, आणि प्रत्येकाखाली पांढरा वाढवत नेलेल्या तीन पायऱ्या. एका जोडीचे वीस, एकूण साठ चौकोन. एका बैठकीत होत नाही. रोज एक जोडी घ्यावी. मिसळायला पॅलेट नाइफ. ब्रशनं मिसळलं तर केसांच्या मुळाशी जुना रंग राहतो आणि पुढच्या चार चौकोनांत उतरतो.

नेहमी दुबळ्या रंगात जोरकस रंग घालायचा, उलटं नाही. हरभऱ्याएवढ्या ऑकरला तिळाएवढा लाल पुरतो. उलट केलं तर लालाला वळवण्यात अर्धी ट्यूब ऑकर जाते. काळ्याचंही तसंच, तोही नाइफच्या टोकावर येईल तेवढाच घ्यायचा.

ऑकर आणि काळ्यातून शेवाळी हिरवा निघतो, सावलीतल्या पानांचा. पहिल्यांदा बघताना विश्वास बसत नाही, कारण निळा कुठेच नाही. लाल आणि काळ्याचा जुन्या सागवानासारखा तपकिरी होतो. झळाळता हिरवा, जांभळा आणि आकाशी या चौकडीतून निघत नाहीत. म्हणून विषय निवडताना चेहरे, मातीची भांडी, लाकूड, दिव्याचा उजेड. भर दुपारचा समुद्र किंवा फुलांचा ताटवा हिच्यावर लादला तर चूक चौकडीची धरता येत नाही.

शनिवार

आज फक्त निळा. म्हणजे नसलेला.

काळ्यात पांढरा मिसळून मध्यम राखाडी केला आणि एका कागदावर सपाट लावला. वाळल्यावर त्याचे दोन सेंटिमीटरचे दोन तुकडे कापले. दुसऱ्या कागदावर दोन पट्टे : एक ऑकर, लाल आणि पांढऱ्याचा मंद नारिंगी, दुसरा ऑकर-काळ्याचा शेवाळी. एकाच राखाडीचे दोन तुकडे दोन पट्ट्यांवर ठेवले की नारिंगीवरचा निळा होतो. निळसर नाही, चक्क निळा, लांबून बघणारा आकाशाचा कापलेला तुकडा म्हणेल असा. शेवाळीवरचा मात्र किंचित लालसर, थकलेला दिसतो. बोटानं तुकडा एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर सरकवत नेला की रंग डोळ्यांदेखत बदलतो. हे दहा वेळा करून बघावं. मर्यादित पॅलेटचं सगळं बळ या सरकवण्यात आहे : निळा ट्यूबमध्ये नसला तरी शेजाऱ्यात असतो.

याचा छडा लावला तो शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं. पॅरिसमधल्या गोबलँच्या विणकाम कारखान्यात रंगाईचा विभाग त्याच्याकडे होता, आणि निळ्या-जांभळ्या कापडांतला काळा धागा निस्तेज दिसतो अशी तक्रार आली होती. धाग्याचा रंग तपासला तर तो ठीक निघाला. शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याला दुबळं करत होते. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये आला.

तुकडा निळा दिसतच नसेल तर कारणं सहसा तीन. शेजारचा रंग पुरेसा उबदार नसतो, त्यात लाल तिळाएवढा वाढवावा. किंवा दोघांच्या पायऱ्यांत फार अंतर असतं. राखाडी आणि नारिंगी उजळपणात जवळजवळ असले की परिणाम सगळ्यांत जास्त. तिसरं कारण पुन्हा ट्यूबच. आयव्हरी ब्लॅक (पीबीके ९) पांढऱ्यात मिसळला की थंड, निळसर राखाडी देतो. मार्स ब्लॅक (पीबीके ११) तपकिरीकडे झुकतो, त्यातून निळा काढणं फार कठीण.

सोमवार

चेहऱ्यावर आलो की खडू फासल्यासारखा पांढुरका रंग. हा दोष जवळजवळ प्रत्येकाच्या कागदावर पहिल्या आठवड्यात येतो, आणि कारण टिटॅनियम पांढरा. तो नुसता उजळ करत नाही, रंगाला थंड आणि फिकाही करतो. त्वचा उजळ करायची तर आधी ऑकर वाढवायचा, मग पांढरा घालायचा, आणि पांढऱ्यानं पळवलेली ऊब तिळाएवढ्या लालानं परत आणायची. छायेत पांढरा शक्यतो नकोच. तिथे ऑकर, लाल आणि थोडा काळा एवढं पुरतं, आणि उजेडाची बाजू आपोआप चमकते. या एका सवयीनं चेहरे जितके सुधारतात तितके दुसऱ्या कशानंही सुधारत नाहीत.

गॉश वाळताना दोन दिशांना सरकतो : उजळ मिश्रणं वाळल्यावर थोडी गडद होतात, गडद मिश्रणं थोडी फिकी. म्हणून पॅलेटवर मिसळलेल्या रंगाच्या प्रत्येक ढिगाऱ्याचा एक फराटा वेगळ्या पट्टीवर ओढून वाळवून बघायचा, मगच चित्राला लावायचा. ढिगारा पुरेसा मोठा हवा. मधेच संपला तर तोच रंग पुन्हा जुळत नाही. पॅलेटवर पांढरा बाकी प्रत्येकाच्या तिप्पट काढावा.

मंगळवार

ढिगारे आधी, चित्र नंतर. उजेड, मधला, छाया, सगळ्यांत गडद : चार ढिगारे लावून झाल्याशिवाय ब्रश कागदाला लागू नये. उजेडाचा ढिगारा थंड असेल तर छायेचा उबदार, किंवा उलट. पण दोन्ही एकाच बाजूला झुकले की चित्र सपाट पडतं.

चिखल होतो त्याचा दोष लोक कमी रंगांना देतात. तो पटत नाही. चिखल दोन ठिकाणी होतो. एक, शेजारच्या दोन रंगांची पायरीही तीच आणि ऊबही तीच असते, त्यामुळे कडा मरते. दोन, खालचा थर पाण्यानं पुन्हा विरघळतो. गॉश वाळला तरी पाणी लागताच जागा होतो. वरचा रंग सायीइतका दाट हवा, ब्रश जवळजवळ कोरडा, एक फराटा टेकवून उचलायचा. त्याच जागी दुसऱ्यांदा घासलं की खालचा वर येतो. फसलेली जागा ओल्या ब्रशनं चोळत बसण्यापेक्षा टिपकागदानं दाबून उचलावी, वाळू द्यावी, आणि नवा फराटा टाकावा.

गुरुवार

थॅलो निळा, क्विनॅक्रिडोन मॅजेंटा, हान्सा पिवळा या तिकडीतून खूप मोठा पल्ला मिळतो, हिरवे-जांभळे सगळे झगझगीत. पण थॅलो इतका जोरकस की टाचणीच्या टोकाएवढा जास्त पडला तरी पूर्ण ढिगारा हिरवट-निळा होऊन जातो. राखाडी ओळखणारा डोळा तयार झाल्यावरच ही घ्यावी.

शनिवार

साठ चौकोन पूर्ण. पुढच्या आठवड्यात काळ्याच्या जागी अल्ट्रामरीन, बाकी तीन ट्यूब त्याच. एका वेळी एकच ट्यूब बदलायची, म्हणजे काय कशामुळे झालं ते कळतं. ऑकर-लालची ओळ जशीच्या तशी राहील. ऑकर-काळा आणि लाल-काळ्याचे चाळीस चौकोन पुन्हा भरायचे. नवी पट्टी जुन्या तक्त्याशेजारी चिकटवायला उजवीकडे दहा सेंटिमीटर कागद मोकळा ठेवला आहे.