तुम्ही विचारलंत म्हणून: भिंत कोणती पाडलीत?

पुण्यातल्या कोथरूडच्या आमच्या घरी गेल्या दोन वर्षांत जो कोणी आला, त्याने चपला काढता काढताच विचारले, “भिंत कोणती पाडलीत?” जुने घर पाहिलेल्यांना हा प्रश्न पडणे साहजिक आहे, कारण त्या हॉलमध्ये भर दुपारीसुद्धा ट्यूब लावल्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येत नसे. खरे उत्तर असे, की पूर्ण भिंत आम्ही एकही पाडली नाही. तीस वर्षांत आम्हीच उजेडाच्या वाटेत एकेक करून जे आणून ठेवले होते, ते काढले.

इमारत १९८४ची, तीन मजली. दक्षिणेला हॉल आणि त्यापुढे चार फूट रुंद बाल्कनी. आम्हा भावंडांना अभ्यासाला जागा हवी म्हणून १९९३मध्ये बाबांनी ही बाल्कनी आत घेतली. बाहेरून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसल्या, त्यांना गडद तपकिरी काचा लागल्या, वर सामानासाठी माळा आला आणि हॉलची मूळची दार-खिडकी मात्र जागच्या जागी राहिली. म्हणजे हॉलपर्यंत पोहोचणारा उजेड आधी तपकिरी काचेतून, मग माळ्याखालून आणि शेवटी आतल्या खिडकीच्या ग्रिलमधून येत होता. तेव्हाच्या गरजेला तो निर्णय योग्यच होता. दहावी आणि बारावीची दोन्ही वर्षे मी त्या चार फुटांत काढली आहेत, आणि ती जागा मोडताना मला वाईट वाटले.

यात सर्वांत जास्त उजेड अडवला तो माळ्याने, हे आम्हाला फार उशिरा कळले. खिडकीचा वरचा भाग जितका उंच, तितका उजेड खोलीत दूरवर जातो. ढोबळमानाने त्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड मिळतो. आमच्या माळ्याने ती उंची साडेपाच फुटांवर आणून ठेवली होती. याच कारणासाठी ठेकेदाराने आग्रह करूनही आम्ही पीओपीचे खोटे छत करू दिले नाही. ते आठ इंच खाली आले असते. मूळचे छत पांढरेशुभ्र ठेवले, कारण पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे चार-पंचमांश परत खोलीत पाठवतो.

माळा आणि तपकिरी काचा काढून बाल्कनी पुन्हा उघडली तर घर तापेल, अशी आईला भीती होती. ती भीती दक्षिणेच्या बाबतीत खरी नाही, पश्चिमेच्या बाबतीत खरी आहे. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो आणि जूनअखेरीस तर किंचित उत्तरेकडे झुकतो, त्यामुळे वरच्या मजल्याच्या बाल्कनीची सावली आमच्या हॉलला पुरते. डिसेंबरात मात्र दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य दक्षिणेला अठ्ठेचाळीस अंशांवर असतो आणि ऊन हॉलमध्ये चार फूट आत येते. पश्चिमेकडून मात्र दुपारनंतरचे तिरके ऊन थेट आत येते, म्हणून तिकडच्या खोलीची खिडकी आम्ही मुद्दामच मोठी केली नाही.

खर्च आणि वेळ या बाल्कनीनेच खाल्ला. आत घेताना तिची फरशी भराव घालून हॉलच्या पातळीला आणली होती. तो भराव फोडला, वॉटरप्रूफिंग करून घेतले, पाणी निघून जाण्यासाठी पुन्हा उतार दिला आणि तीन दिवस पाणी साठवून खालच्या घरात ओल येत नाही ना, याची खात्री केली. त्या भरावाचा राडारोडा किती निघाला हे पाहिल्यावर एवढे ओझे त्या पुढे आलेल्या स्लॅबवर इतकी वर्षे होते, याची मला खरोखर भीती वाटली.

आता भिंतीविषयी. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये साडेचार इंची पडदी, म्हणजे विटांची पातळ भिंत होती. आमची इमारत आरसीसी फ्रेमची, म्हणजे गज घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याची असल्याने स्लॅबचा भार बीम (आडव्या तुळया) आणि कॉलम (उभे खांब) घेतात, अशी पडदी घेत नाही. परंतु हे अनुमान आपण करायचे नसते. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत स्लॅब भिंतीवरच टेकलेला असतो, आणि वरवर पाहून फरक कळेलच असे नाही. म्हणून सोसायटीकडून मंजूर नकाशे मिळवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावले, त्यांचे लेखी मत सोसायटीला दिले आणि मगच हातोडा लागला. तरीही एक चूक झालीच. नव्या वायरिंगसाठी भिंतीत झिरी (खाच) मारताना वायरमनने ती पडदीच्या पुढे थेट कॉलममध्ये नेली आणि आतला लोखंडी गज उघडा पडला. उघड्या गजाला गंज चढतो, गंजाने तो फुगतो आणि भोवतीचे काँक्रीट फुटू लागते. इंजिनिअरनी काम थांबवले, कॉलम दुरुस्त करून घेतला आणि वायर दुसरीकडून नेली. तेव्हापासून मी सर्वांना सांगते, की काम सुरू होण्यापूर्वी कॉलमवर खडूने फुली मारा आणि फुलीवर छिन्नी लावायची नाही हे प्रत्येक कारागिराला स्वतः सांगा.

पडदी पूर्ण काढावी असे भावाचे मत होते. आई म्हणाली, “फोडणीचा ठसका पाहुण्यांना कशाला? मला फक्त कोण आलंय ते दिसू दे.” तिचेच बरोबर होते. ओट्याच्या वर बीमपर्यंत पाच फूट रुंदीची जागा उघडली आणि तिला सरकती काचेची झडप लावली. मिरचीची फोडणी देताना झडप बंद असते, एरवी आई भाजी निवडत बसते तिथपर्यंत दक्षिणेचा उजेड पोहोचतो.

मधली बोळकांडी मात्र पूर्वीसारखीच राहिली आहे. आईचे बालपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेले. तिथे चौकामुळे घराच्या मध्यभागीच आभाळ होते. फ्लॅटला ती सोय नाही. खोल्यांच्या दारांवर आम्ही काचेची तावदाने बसवली, त्यांनी सकाळी थोडा फरक पडतो, पण चार वाजले की तिथला दिवा आजही लावावा लागतो.