श्रावणातली नोंद : बघ्यांना रांगेत घेताना

श्रावण लागला की सोलापुरात संध्याकाळी बोळाबोळांतून हलगी ऐकू येते. लेझमीचा सराव सुरू. टिळकांचं 1893 साल सगळ्या देशाला ठाऊक, पण आमचा आजोबा गणपती त्याच्याही आधीचा, हे इथला माणूस न विचारता सांगतो. ते असो.

डीजेपुढे नाचायला शिकावं लागत नाही, म्हणून गर्दी तिकडे वळते. लेझमीपुढे तीच गर्दी मोबाईल धरून उभी राहते. तिला आत घ्यायचं तर नवख्यांची सोय मंडळालाच करावी लागेल. पण पहिल्याच संध्याकाळी अवघड डाव लावले जातात आणि चौथ्या दिवशी निम्मी पोरं गायब.

आधी नुसता ठोका शिकवावा. एका हातात दांडा, दुसऱ्यात साखळीची मूठ. नवखा माणूस खांद्यातून हात फेकतो, मग चकत्या एकामागून एक वाजतात आणि नुसती खळखळ ऐकू येते. हात उघडताना मनगटाने झटका द्यायचा आणि साखळी ताणली की जागीच थांबायचं. थांबलं तरच ‘छन्’ असा एक आवाज निघतो. पाय उभे, फक्त हात. असे दोन दिवस गेले तरी चालतील. लेझीम किलोच्या आतबाहेर असते, तरी पहिल्या दिवशी अर्ध्या तासात दंड भरून येतात. तेव्हा दर दहा मिनिटांनी आराम.

नवख्यांना शेवटी उभं करायची खोड फार वाईट. चारच्या पंचवीस रांगा, दोन रांगांत दोन मीटर, म्हणजे पथक पन्नास मीटरच्या आसपास जातं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर धावतो. पुढे हलगी वाजली की शेवटच्या रांगेला ती 0.14 सेकंद उशिरा पोचते. मिनिटाला 120 ठोके असतील तर हा पाव ठोक्याहून जास्त उशीर. मागची पोरं बरोबरच खेळत असतात, तरी शिव्या त्यांनाच! हलगी पथकाच्या मध्यावर आणली की उशीर निम्मा होतो. जाणती माणसं चार कोपऱ्यांवर, नवखी आत. नव्या पोराला पुढचा हात दिसला पाहिजे, कानावर त्याचा भरवसा नको.

वळणावर रांग मोडते ती हिशेबाने मोडते. दोन माणसांत दीड मीटर अंतर धरलं तर काटकोनी वळणावर बाहेरचा माणूस आतल्यापेक्षा सात मीटर जास्त चालतो. म्हणून वळणाआधीच सोपा डाव लावायचा. आतल्याने जागेवर पाय मारायचे, बाहेरच्याने लांब टाकायचे. शिट्टी वळणावर आल्यावर फुंकली तर उपयोग नाही.

पावसाळी हवेत हलगीचं कातडं सैल पडतं. जाळावर धरताना सारखी फिरवत राहावी, एकाच जागी धरली की काठाशी तडकते. कातड्याऐवजी फायबरचं पान बसवलं तर ही भानगड नाही, पण आवाज कोरडा.

गुलाल आणि पाणी चकत्यांत बसलं की लेझीम मुकी होते. विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी रॉकेलच्या फडक्याने पुसायची, सुकवायची आणि कड्यांना तेलाचा एक थेंब. चकत्यांना तेल नको, पुढच्या वर्षीचा गुलाल तिथेच चिकटतो. दांडा साखळीच्या भोकापाशी चिरलाय का, हे तेव्हाच बघून बदलावा. ऐन मिरवणुकीत दांडा फुटला तर साखळी शेजारच्याच्या तोंडावर जाते.

आणि दहा-पंधरा लेझमी जास्तीच्या आणाव्यात. रस्त्यावरचा कुणी हात पुढे करतो तेव्हा त्याच्या हातात द्यायला काहीतरी हवं ना!