पोटाला भोक कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही एकटे नाही म्हणा. गेली चौदा वर्षं मी मातीचे प्राणी करून विकते आणि चौदा वर्षं हा प्रश्न माझ्या मागे लागलेला आहे. प्रदर्शनात एखादं मांजर आवडलं की माणूस ते हातात घेतो, पाठीवरून बोट फिरवतो, आणि मग स्टीलच्या भांड्यावर कुणाचं नाव घातलंय ते बघावं तसं उलटं करतो. खाली माझी सही असते, आणि सहीशेजारी पेन्सिल जाईल एवढं भोक. तिथे चेहरा पडतो. "ताई, पीस डिफेक्टिव आहे का?" लहान मुलांची खात्री असते की हा गल्ला आहे, फक्त नाणं आत जात नाही. एका आजोबांनी त्यात उदबत्ती खोचून बघितली. एका बाईंनी भोक दाखवून शंभर रुपये कमी करून घेतले. मी दिले, कारण ती संध्याकाळची वेळ होती आणि माझे पाय दुखत होते.

छोटं उत्तर असं, की पाणी बाहेर पडायला. पण या उत्तराने आजवर कुणाचंही समाधान झालेलं नाही. "पाणी? हे तर कोरडं ठणठणीत आहे!"

माझी आजी पोळ्याला मातीचे बैल करायची. आमचं घराणं बडोद्यात येऊन चार पिढ्या झाल्या, घरी ना शेत ना गोठा, तरी श्रावणातल्या अमावास्येला दांडिया बाजारच्या घरात पाटावर बैलजोडी बसायचीच, आणि पुढ्यात पुरणपोळी. ते बैल भरीव होते. मातीचा गोळा, चार पाय, चिमटीने ओढून काढलेलं वशिंड, डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे. दुसऱ्या दिवशी आजी ते तुळशीत विरघळवून टाकायची. त्यांना भोक नव्हतं, कारण त्यांना भट्टीत जायचं नव्हतं. माझ्या प्राण्यांना जायचं असतं, दोनदा, आणि सगळी भानगड तिथे सुरू होते.

आता मी अकोट्याला राहते. घराच्या मागची, पूर्वी स्कूटर ठेवायची खोली म्हणजे माझा स्टुडिओ. सकाळी दूध तापवून, सासूबाईंचा चहा देऊन मी तिथे जाते आणि पहिलं काम म्हणजे प्लास्टिक उघडून बघते. काल केलेलं कुठवर वाळलं? कान सगळ्यात आधी वाळतात, मग शेपटी, मग पाय. पोट सगळ्यात शेवटी. कान वाळून आकसले आणि डोकं अजून ओलं असलं की कानाच्या मुळाशी केसासारखी चीर पडते. म्हणून कानांना ओल्या फडक्याच्या पट्ट्या, पोट उघडं, वरून पिशवी, पिशवीला एक गाठ. ज्याला लोक कलाकाराचं आयुष्य म्हणतात त्यातला निम्मा वेळ माझा पिशव्या काढण्यात आणि घालण्यात जातो. उरलेल्यातला बराचसा भांडी घासण्यात. घरची वेगळी, ग्लेझची, म्हणजे मातीवर चढवायच्या काचेसारख्या लेपाची, वेगळी.

माती येते थानगडहून, सुरेंद्रनगर जिल्ह्यातून. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर दगडासारखी घट्ट भाजली जाणारी, राखाडी, आत थोडी भाजलेल्या मातीची कणी मिसळलेली. ती कणकेसारखी मळायची, पण कणकेच्या उलट, आत हवा राहू नये म्हणून दाबत दाबत. मग दोन गोळे घेऊन अंगठ्याने दोन वाट्या करायच्या, दोन्हींच्या कडा काट्याने खरवडायच्या, पातळ मातीचं स्लिप लावायचं आणि वाट्या तोंडाला तोंड लावून मिटून टाकायच्या. म्हणजे झालं एक पोकळ अंडं. आतल्या हवेला बाहेर यायला जागा नसते, त्यामुळे ते अंडं फुग्यासारखं ताठ राहतं. लाकडी थापीने थोपटलं तरी बसत नाही. थोपटत थोपटत एका बाजूला पाठ काढायची, दुसरीकडे छाती. म्हणजे प्राण्याचं अंग खरं तर आतून हवा धरून ठेवते आणि मी बाहेरून मारते. या वेळी भोक पाडलं तर मांजर तिथेच बसकण मारतं. माझी सुरुवातीची पाच-सहा मांजरं अशीच चपटी झाली, ती मी "झोपलेली मांजरं" म्हणून विकली.

माती थंड झालेल्या बर्फीइतकी घट्ट झाली, म्हणजे सुरी चालते पण बोट रुतत नाही, की मग भोक. त्यासाठी माझ्याकडे बॉलपेनची रिकामी नळी आहे, रिफिल काढून टाकलेली. बुडाला टेकवायची, गोल फिरवत आत दाबायची. भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड असते. तेवढं अंतर गेलं की हाताला एकदम मोकळं लागतं आणि कधी कधी, खोलीत पंखा बंद असेल तर, अगदी हलका फुस्स ऐकू येतो. नळीतून मातीची छोटी चकती निघते. त्या चकत्या मी एका बरणीत साठवते. काही कारण नाही.

मोठ्या प्राण्यांचं वेगळं. ते भरीव करायचे, तारेने मधोमध कापायचे, आतून मगज काढल्यासारखी माती कोरून काढायची आणि परत जोडायचे. वांग्यात मसाला भरायची तयारी असते ना, तसंच, फक्त मसाला भरायचा नाही.

आता भट्टी. लोकांना वाटतं, आतली हवा तापून प्रसरण पावते आणि प्राणी फुटतो. मातीकाम शिकवणारेही असंच सांगतात, मलाही असंच सांगितलं होतं. हवा फुगते हे खरं; साडेनऊशे अंशांपर्यंत ती चौपट होऊ बघते. पण कच्ची माती सच्छिद्र असते, हवा हळूहळू झिरपून जाते. खरा गुन्हेगार पाणी. हाताला कोरड्या वाटणाऱ्या मातीत पाणी असतंच, आणि शंभर अंशांना त्याची वाफ झाली की तिला सोळाशेपटींहून जास्त जागा लागते. ती मातीच्या आत कुठून मिळणार? भोक असलं की भिंत आतूनही वाळते आणि वाफेला आतल्या बाजूनेही वाट मिळते. शिवाय आणखी एक पाणी असतं, मातीच्या कणांतच बांधलेलं. ते पाचशे अंशांच्या आसपास सुटायला लागतं आणि ते गेलं की माती पुन्हा कधी माती होत नाही. ५७३ अंशांना तिच्यातलं क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, एकदम अंग चोरून बसतं नाहीतर पसरतं, तिथे घाई केली तर चिरा. म्हणून बिस्कची, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीची, भट्टी मी रात्री शंभराच्या खाली ठेवते, झाकण बोटभर उघडं, आणि सकाळी पुढे चढवते. वीज थ्री-फेज आहे, बिलाची रक्कम मी सासूबाईंना सांगत नाही.

दुसरी भट्टी ग्लेझची, १२२० अंशांची. तेव्हा अंगावर काच चढते, छिद्रं मिटतात, आणि माती किंचित मऊ पडते. त्या वेळी हवा कोंडलेली असेल तर ती खरंच भिंत ढकलते आणि पोट फुगतं. एक ससा तसा गरोदर होऊन बाहेर आला होता.

भोक असूनही फुटतं, हे पण सांगायला हवं. दिवाळीआधीचं प्रदर्शन चार दिवसांवर, पाऊस जायचं नाव घेत नव्हता, आणि एका घुबडाचं बूड जाड राहिलं होतं. मला ते माहीत होतं. वाळलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. रात्री दीड वाजता भट्टीतून कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडावा तसा ठप्प आवाज आला. दोन दिवसांनी उघडलं तर घुबडाचा चुरा. भट्टीच्या विटांच्या खाचांत तारा असतात, त्यांतून तुकडे वेचायला माझा एक अख्खा दिवस गेला. एक तुकडा शेजारी आ वासून बसलेल्या बेडकाच्या घशात गेला, तो निघालाच नाही. बेडूक अजून घरी आहे, हलवला की खुळखुळतो.

तेव्हापासून मी प्रत्येक प्राणी गालाला लावून बघते. गालाला गार लागला म्हणजे आत अजून पाणी आहे, ते उडतंय आणि उडताना थंडावा देतंय. खोलीच्याच तापमानाचा लागला तर भट्टीत घालायचा. बाहेरून बघणाऱ्याला मी रोज सकाळी मांजरांचे आणि मगरींचे मुके घेते असं दिसतं. दूधवाल्याला तर नक्कीच.

मगरींचं आलं म्हणून सांगते. बडोद्यात सिरॅमिकचं मांजर करायचं म्हणजे लोक लगेच म्हणतात, "ज्योत्स्नाबेनसारखं." ज्योत्स्ना भट्ट इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये, म्हणजे कला विभागात, कितीतरी वर्षं सिरॅमिक शिकवायच्या; त्यांची मांजरं, घुबडं, कमळाच्या कळ्या ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना बाकीच्यांची मांजरं जरा जास्तच बोलकी वाटतात. २०२० च्या जुलैमध्ये त्या गेल्या. मी फाइन आर्ट्सची नाही, एका बाईंच्या घरी रविवारी शिकले. आपलं मांजर त्यांच्या मांजराशेजारी ठेवून बघितलं आणि मुकाट्याने मगरीकडे वळले. मगर आमची हक्काची. विश्वामित्रीच्या काठावर, कमाटीबागेजवळच्या पुलावरून, थंडीत उन्हाला पडलेल्या दिसतात. (गुजरातीत मगर पुरुष आहे, आमच्याकडे बाई. त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलताना माझी मगर दोन वाक्यांत दोनदा लिंग बदलते.) तोंड उघडं टाकून पडते ती कुणाला भिववायला नाही, अंगातली उष्णता कमी करायला. माझ्या सोयीचं हे की उघड्या तोंडाच्या मगरीला पोटाला भोक लागत नाही, घशातूनच वाट असते. शेपटीचा कप्पा मात्र वेगळा, त्याला भोक हवंच. पाठीवरचे खवले एकेक चिमटीने उचलते, कडेच्या रेघा करंजीच्या कातण्याने. तीस सेंटिमीटरची केली की दोन्ही भट्ट्या होऊन साडेसव्वीसची निघते. ऑर्डर देणाऱ्याला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर तो टेप घेऊन येतो.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला. खऱ्या मगरी सोसायट्यांमधून फिरत होत्या, आणि माझ्या खोलीत कंबरभर पाणी. आम्ही वरच्या मजल्यावर. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर खालच्या फळीवरचे अकरा कच्चे प्राणी नव्हते. फुटले नव्हते, वाहून गेले नव्हते. फळीवर अकरा लिबलिबीत ढिगारे होते, आजीच्या बैलांसारखे विरघळलेले. एकात कान ओळखू येत होता. वरच्या फळीवरची, एकदा भाजलेली, जागच्या जागी. मी एक मगर उचलली तर जडशीळ. उलटी केली तर तिच्या शेपटीच्या भोकातून गढूळ पाण्याची धार लागली, बराच वेळ. मग मांजर, मग घुबडं, म्हैस. एकेक उलटं धरून मी अंगणात रिकामं करत होते, शेजारच्या मासी गच्चीवरून बघत होत्या. "आमां पण पाणी भरायुं?" म्हणाल्या. यांच्यातही पाणी शिरलं?

भट्टीच्या विटांनी स्पंजासारखं पाणी प्यायलं होतं. ती वाळायला दीड महिना गेला आणि तारा बदलाव्या लागल्या. प्राण्यांच्या पोटात जो गाळ राहिला तो मी चाळून ठेवला. त्यात लोह आहे. थोडा फेल्डस्पार, म्हणजे भट्टीत वितळून काच होणारं खनिज, घालून लावला की १२२० ला चिंचेच्या कोळासारखा तपकिरी रंग येतो. सध्याच्या सगळ्या मगरी त्या रंगाच्या आहेत.

परवा अशीच एक मगर ग्लेझ करायला घेतली. बिस्क झालेली, व्हरांड्यातल्या फळीवर आडवी पडलेली. भोकात ब्रशचं टोक घालून धूळ काढावी म्हटलं तर ब्रश जाईना. भोक बंद! मातीने, अगदी सफाईने, कडेशी सपाट लिंपलेलं. मी आधी नवऱ्याला विचारलं, मग कामवाल्या बाईंना. दुपारी बसून बघितलं तर उत्तर दिसलं: एक कुंभारीण माशी, कमरेत अशी बारीक की तुटेल वाटावी, एक हिरवी अळी ओढत शेजारच्या घुबडाकडे चालली होती. घुबडाच्या भोकात अळी कोंबली, मागल्या पावली बाहेर आली, पुन्हा उडाली. आत अंडं असणार, आणि अळ्या म्हणजे पिल्लाचा शिधा. चार वाजेपर्यंत तेही भोक लिंपून झालं. तिला नळाखालच्या चिखलाची माती चालते, थानगडहून मागवावी लागत नाही.

मगर आणि घुबड दोन्ही ऑर्डरची आहेत. गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की दोन-तीन आठवडे उशीर होईल. कारण विचारलं, तेव्हा म्हटलं, आत कुणीतरी राहतंय.