माजघरातले काम

शुक्रवार, श्रावण

प्रभात रस्त्याच्या एका गल्लीतील ज्या जुन्या बंगल्यात मी सध्या कामाला जाऊन बसते, तिथे आत कोण कोण आले आहे हे दार उघडण्यापूर्वीच कळते, कारण पायताणे बाहेर काढण्याचा रिवाज तिथे न सांगता पाळला जातो. कोपऱ्यातल्या कोल्हापुरी चपला बँकेतून निवृत्त झालेल्या काकांच्या, चिखलाने माखलेले बूट सायकलवरून येणाऱ्या संगणकवाल्या मुलाचे, आणि कायम उलट्या पडलेल्या सपाता आमच्या वास्तुविशारद मैत्रिणीच्या. अनवाणी माणूस कचेरीतल्यासारखा वावरत नाही. तो खुर्चीतही मांडी घालून बसतो, त्याचा आवाज आपोआप खाली येतो, आणि समोरच्याचा हुद्दा काय हे विचारायचे बरेच दिवस राहून जाते. कागदोपत्री ही जागा ‘कोवर्किंग’, म्हणजे वर्गणी भरून आपापले काम घेऊन बसण्याची सामायिक कचेरी, आहे आणि दरमहाच्या वर्गणीवर १८ टक्के जीएसटी लागतो. संध्याकाळी टेबलावरचे लॅपटॉप आवरले जाऊन कॅरमचा बोर्ड मांडला गेला, की तिचा क्लब होतो.

प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली आणि या रस्त्याला तिचे नाव मिळाले. त्याच्या गल्ल्यांमधले बरेचसे बंगले आता पडले असून त्यांच्या जागी वाहनतळावर उभ्या असलेल्या इमारती आल्या आहेत. हा एक उरला आहे, आणि मालकीणबाईंनी तो भाड्याने देताना एकही भिंत पाडायची नाही अशी अट घातली होती. त्या अटीमुळेच ही जागा चांगली झाली, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे.

घर बांधणाऱ्याने बाहेरच्या माणसाला कुठवर येऊ द्यायचे याचा विचार करून खोल्या एकामागे एक लावल्या होत्या, आणि आज आमचे काम त्याच क्रमाने आत सरकते. व्हरांड्यात फोनवर मोठ्याने बोलणारे असतात. पावसाची झड आली की ते भिंतीकडे सरकतात, पण आत येत नाहीत. दिवाणखान्यात लांबलचक सागवानी टेबल आहे, त्याभोवती एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या आहेत, आणि तिथे हलक्या आवाजात बोललेले चालते. त्यामागे माजघर. या खोलीला बाहेरच्या बाजूची खिडकी नाही, भिंती काळ्या दगडाच्या आणि दीड हात जाड आहेत, आणि त्यामुळे तिथे मोबाइलला रेंज मिळत नाही. माजघरातली शांतता कोणी ठरवलेली नाही, ती दगडाने दिलेली आहे. वायफायही या भिंतींपुढे हात टेकते, म्हणून प्रत्येक खोलीत वेगळी डबी बसवावी लागली आणि तिची तार जुन्या विजेच्या लाकडी पट्ट्यांच्या कडेने नेली गेली. नव्या कार्यालयांत आधी सगळ्या भिंती काढून सर्वांना सर्व दिसत राहील अशी सोय करतात, आणि मग फोनवर बोलण्यासाठी काचेच्या बंद पेट्या विकत आणतात. त्या पेट्यांत बसलेली माणसे पाहिली की मला गुदमरायला होते.

आमच्याकडे पेटीचे काम देवघर करते. जेमतेम दोन माणसे मावतील एवढी ती खोली, भिंतीत कोनाडा, आणि कोनाड्याच्या वर समईची काजळी, जी रंगकाम करताना मालकीणबाईंनी पुसू दिली नाही. व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्याच्या डोक्यामागे नेमकी तीच काजळी दिसते. संगणकवाल्या मुलाला अमेरिकेतल्या त्याच्या साहेबाने एकदा काळजीने विचारले होते की घराला आग लागली होती का. न्हाणीघरात छपाईयंत्र ठेवले आहे. तिथल्या फरशीचा उतार मोरीकडे असल्यामुळे त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवावी लागली.

अशा जागांची सुरुवात कशी झाली याविषयी आज दुपारी थोडे वाचले. ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या संगणक आज्ञावलीकाराने ऑगस्ट २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील ‘स्पायरल म्यूझ’ या स्त्रियांच्या एका सामूहिक घरात आठवड्यातून दोन दिवस टेबले मांडली. पहिला महिनाभर तिथे कोणी फिरकलेच नाही. स्वतंत्रपणे काम करण्याची मोकळीक आणि माणसांची सोबत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी का मिळू नयेत, हा त्याचा प्रश्न होता, आणि त्यासाठी त्याने एकत्र जेवण, थोडे ध्यान आणि संध्याकाळी ठरल्या वेळी काम बंद, असा दिनक्रम आखला होता. पुढे हा सगळा व्यवसाय गगनचुंबी इमारतींत गेला खरा, पण त्याचा जन्म एका राहत्या वळणाच्या घरात झाला होता, हे वाचून मला आमच्या बंगल्याविषयी उगाचच अभिमान वाटला.

पुण्याला एकत्र बसण्याच्या जागांची वाण कधीच नव्हती. नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, डेक्कन जिमखाना १९०६ सालचा. तिथे मात्र माणसे वाचायला किंवा खेळायला जमत. प्रत्येकाने आपापले पोटापाण्याचे काम घेऊन शेजारी बसावे, हा प्रकार मला त्यापेक्षा पेठांमधल्या अभ्यासिकांच्या जवळचा वाटतो. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले प्लायवूडच्या खणात, भिंतीकडे तोंड करून, एक दिवा आणि एक प्लग यांच्या आधाराने दिवसाचे बारा तास काढतात. तिथे शेजारच्याशी बोलणे हा गुन्हा असतो आणि चहासाठी खाली टपरीवर उतरावे लागते. आमच्या महिन्याच्या वर्गणीत त्यातल्या एका मुलाचे कित्येक महिने निघतील. आमच्याकडे एक मुलगी अशी अभ्यासिका सोडून आली आहे, तिची वर्गणी काका भरतात, आणि ही गोष्ट सर्वांना ठाऊक असूनही तिच्यासमोर कोणी काढत नाही.

या सगळ्या खोल्यांना घर कशामुळे म्हणावे, याचे उत्तर मी आजवर दगडात, काजळीत आणि टेबलात शोधत होते. ते स्वयंपाकघरात आहे आणि ते मावशींचे आहे. अकरा वाजता आल्याचा वास माजघरापर्यंत पोहोचतो, तेव्हा न बोलावता सगळे उठतात. दुपारी डबे उघडले जातात आणि कोणाच्या डब्यातली भाजी कोणाच्या पोळीवर गेली याचा हिशेब राहत नाही. पण त्याआधी कोणीतरी ओटा पुसलेला असतो, फ्रीजमधले नासलेले दही फेकलेले असते, वर्तमानपत्रे घडी घालून ठेवलेली असतात, आणि उपवास कोणाचा आहे हे लक्षात ठेवून साबुदाणा भिजवलेला असतो. ‘इथे किती घरगुती वातावरण आहे हो’ असे पाहुणे म्हणतात, तेव्हा ते खरे तर एका बाईच्या कामाचे कौतुक करत असतात आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते. ती मलाही अगदी अलीकडे आली.

कारण असे की मावशी गौरी-गणपतीला चिपळूणजवळच्या आपल्या गावी निघाल्या आहेत आणि दोन आठवडे येणार नाहीत. म्हणून आज संध्याकाळी पाऊस थांबल्यावर गच्चीवर सर्वांची बैठक झाली. बदली बाई शोधावी असे एकाने सुचवले, चहाचे यंत्र भाड्याने आणावे असे दुसऱ्याने. मावशी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, यंत्राला कशाला पैसे घालवताय? दूध उतू गेलं तर पुसायचं तुम्हालाच आहे.’’ शेवटी कागदावर कामे लिहून नावे घालायचे ठरले. कागद फिरून माझ्याकडे आला, तेव्हा दूध आणणे या एकाच कामापुढे पाच पुरुषांची नावे होती. आले किसणे, गाळणे धुणे, ओला कचरा आणि फ्रीज ही घरे कोरी होती. मी आल्यापुढे माझे नाव लिहिले, कचऱ्यापुढे संगणकवाल्या मुलाचे लिहिले आणि कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, थोडा वेळ पेन फिरवत राहिला, आणि मग काकांचे नाव दुधावरून खोडून फ्रीजपुढे लिहिले. काकांचा आणि त्याचा त्यावरून वाद चालू असतानाच मी खाली उतरले. कागद अजून भरलेला नाही. सोमवारी पुन्हा बसायचे आहे.